क्लेझमर ढंगाची क्लॅरिनेट रचना बसवताना: आधी चाल, मग ठेका, हरकती सर्वांत शेवटी

क्लॅरिनेटवर चार-पाच वर्षं हात फिरलेला विद्यार्थी एक दिवस बेला कोवाच यांची ‘शोलेम अलेखेम, रोव फाइडमन!’ ही क्लेझमर ढंगाची (म्हणजे पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या लग्नाकार्यांतल्या संगीतावर आधारलेली) रचना घेऊन येतो. कुणाचं तरी वादन त्याने ऐकलेलं असतं आणि त्यातला तो हुंदका, ती वर सरकत जाणारी हाक त्याच्या डोक्यात बसलेली असते. घरी तो पहिल्या दिवसापासून तेवढंच घोटतो. महिन्याभरात सरकता सूर जमतो, हुंदकाही बरा येतो, पण रचना उभी राहत नाही. चाल कुठून कुठे चालली आहे ते कळत नाही, पियानो एकीकडे आणि क्लॅरिनेट दुसरीकडे जातं.

ही चूक मी इतक्या जणांच्या हातून होताना पाहिली आहे (आणि आधी स्वतः केली आहे) की आता क्रम लिहूनच ठेवावा असं वाटलं. खालचा क्रम कोवाच यांच्या रचनेसाठी लिहिला आहे, पण क्लेझमरवर आधारलेली दुसरी कुठलीही मैफिली रचना बसवायची असली तरी तो चालतो. साधारण आठ ते दहा आठवडे हाताशी ठेवा.

## तयारी: काय जमवून ठेवायचं

वाद्य साधं बी फ्लॅट, बोएम पद्धतीचं (म्हणजे आजच्या नेहमीच्या कळांचं) असलं की झालं. जुने क्लेझमर वादक सी क्लॅरिनेट आणि जुन्या साध्या पद्धतीच्या कळांची वाद्यं वाजवायचे हे खरं. आपल्याकडच्या लग्नाच्या बँडमध्येही तशी वाद्यं अजून दिसतात. पण मैफिलीसाठी लिहिलेल्या रचनांमध्ये जवळजवळच्या अर्ध्या सुरांचे वेगवान तुकडे असतात आणि ते बोएमवर सोपे जातात. घरात जुनं वाद्य असेल तर सरकते सूर शिकायला जरूर वापरा.

रीड नेहमीपेक्षा अर्ध्या नंबरने मऊ घ्या. तीन वापरत असाल तर अडीच. घट्ट रीडवर सूर वाकत नाही, मग आपण तो ओठांनी दाबून वाकवायला जातो आणि सगळा मामलाच बिघडतो. नवी रीड या कामाला आठवडाभर आधी लावून घ्या. पावसाळ्यात तीन-चार रीड फिरत्या ठेवा.

याशिवाय तानपुऱ्याचं ॲप, मेट्रोनोम, फोनवरचा रेकॉर्डर आणि दोन रंगांच्या पेन्सिली. रंग दोन का, ते सातव्या टप्प्यात कळेल.

सावध: आपल्या रचनेची इतरांनी केलेली रेकॉर्डिंगं पहिला महिनाभर ऐकू नका. त्या वादकाच्या हरकती कानात बसतात आणि कागदावर काय लिहिलं आहे ते दिसेनासं होतं.

## १. रचना कोणती घ्यायची

पहिल्यांदाच या वाटेला जात असाल तर कोवाच यांचीच घ्या. कोवाच (१९३७–२०२१) हे हंगेरियन क्लॅरिनेटवादक. फाइडमन म्हणजे १९३६ साली ब्युनोस आयर्समध्ये जन्मलेले क्लॅरिनेटवादक गिओरा फाइडमन, आणि रचनेचं नाव म्हणजे त्यांना केलेला नमस्कार. पियानोची साथ आहे, सुरुवात मोकळ्या लयीत आणि शेवट वेगवान नाचात. लिहिणारा स्वतः वादक असल्यामुळे बोटांना अशक्य असं त्यात काही नाही.

प्रोकोफिएव्ह यांचं १९१९ सालचं ‘ओव्हर्चर ऑन हिब्रू थीम्स’ क्लॅरिनेट, चार तंतुवाद्यं आणि पियानो यांच्यासाठी आहे. सहा जण जमत असतील तर उत्तम, पण तिथे हरकती जवळजवळ घालायच्याच नाहीत. चाल स्वच्छ वाजवायची.

पॉल शोनफिल्ड यांचं १९९० सालचं क्लॅरिनेट, व्हायोलिन आणि पियानो यांचं त्रिकूट तिघांचीही कसोटी पाहतं. त्याच्या चार भागांची नावं फ्रेलाख, मार्च, निगुन आणि कोझात्स्के. ओस्वाल्डो गोलिहोव यांचं १९९४ सालचं ‘द ड्रीम्स अँड प्रेयर्स ऑफ आयझॅक द ब्लाइंड’ हे क्लॅरिनेट आणि तंतुवाद्य-चौकडीसाठी आहे, आणि त्यात एकाच वादकाला बास क्लॅरिनेटसह एकाहून अधिक वाद्यं हाताळावी लागतात. पहिल्या दोन वर्षांत या दोन्हींच्या नादी लागू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

## २. कान: दहा दिवस फक्त ऐकायचं

मूळ नाच-गाणी ऐकल्याशिवाय मैफिली रचनेतल्या खुणा वाचता येत नाहीत. नाफ्तुली ब्रँडवाइन (१८८४–१९६३) आणि डेव्ह टॅरस (१८९७–१९८९) या दोघांची न्यूयॉर्कमध्ये ध्वनिमुद्रित झालेली जुनी वादनं सहज मिळतात. दोघंही पूर्व युरोपातून अमेरिकेत गेलेले. ब्रँडवाइन बेधडक, तुटक, मध्येच किंचाळणारा. टॅरस सलग, नितळ, तोलून वाजवणारा. दोघांना आळीपाळीने ऐकलं की ‘क्लेझमर म्हणजे रडवेला आवाज’ हा समज आपोआप गळतो. त्या वादनांत बहुतेक वेळ नाच चाललेला असतो.

रोज एकच तुकडा निवडा, दीड-दोन मिनिटांचा. पहिल्या वेळी नुसता ऐका. दुसऱ्या वेळी पायाने ठेका धरा. तिसऱ्या वेळी हातात कागद घेऊन एवढंच टिपा: तीच ओळ परत आली तेव्हा वादकाने काय बदललं?

तपासा: दहाव्या दिवशी एखादी चाल वाद्याशिवाय गुणगुणता येते का? येत नसेल तर आणखी चार दिवस.

## ३. सुरांचं घर ओळखा

मराठी कानाला इथे मोठा फायदा आहे, पण तोच पुढे खड्ड्यातही घालतो.

क्लेझमरमध्ये दोन स्वरचौकटी सतत भेटतात. पहिली फ्रेगिश. तिचे सूर आपल्या भाषेत सा, कोमल रे, शुद्ध ग, शुद्ध म, प, कोमल ध, कोमल नी, म्हणजे बसंत मुखारीचेच. दुसरी मी शेबेराख. तिच्यात सा, शुद्ध रे, कोमल ग, तीव्र म, प, शुद्ध ध, कोमल नी. कर्नाटक पद्धतीतली हेमावती हीच, आणि मधुकंस ऐकलेल्याला कोमल गंधारावरून तीव्र मध्यमावरची ती उडी लगेच ओळखू येईल.

क्लेझमरची कितीतरी गाणी पांढरी दोनमध्ये बसतात. बी फ्लॅट क्लॅरिनेटवर तीच लिहिलेल्या ई वरून वाजतात. तेव्हा सरावासाठी असं करा:

तानपुरा पांढरी दोनला लावा. क्लॅरिनेटवर ई, एफ, जी शार्प, ए, बी, सी, डी असा फ्रेगिश संथ चढा-उतरा. मग ई, एफ शार्प, जी, ए शार्प, बी, सी शार्प, डी असा मी शेबेराख. रोज पाच-पाच मिनिटं. त्यानंतर आपल्या रचनेतली प्रत्येक ओळ उघडून तिचा षड्ज कुठला ते शोधा आणि पानावर लिहा. रचनेत षड्ज बदलत जातो, म्हणून एकदा शोधून भागत नाही.

पाश्चात्त्य पद्धतीने शिकलेल्यांची नेहमीची चूक म्हणजे ई वरचा फ्रेगिश त्यांना ए मायनरची पाचव्या सुरापासून सुरू झालेली पट्टी वाटतो. मग ओळ ई वर थांबली की ते ती अधांतरी सोडतात, पुढे ए येणार असल्यासारखी. ई हेच घर आहे. तिथे ओळ पोचली की पाय टेकल्यासारखी वाजली पाहिजे. तानपुऱ्यावर आठवडाभर वाजवलं की ही चूक निघून जाते.

आणि आपल्याकडच्यांची चूक उलटी. बसंत मुखारी ओळखू आला की ते राग मांडायला लागतात. फ्रेगिशमध्ये षड्जाच्या खाली उतरलं की धैवत बऱ्याचदा शुद्ध होतो. म्हणजे ई वर खालून येताना बी, सी शार्प, डी, ई. कागदावरचं ते शार्प छपाईची चूक समजून खोडणारे मला भेटले आहेत. खोडू नका.

## ४. गा

वाद्य पेटीत ठेवून पूर्ण रचनेची चाल गा. या परंपरेत ‘निगुन’ नावाचं शब्दांशिवायचं गाणं असतंच, ‘याय-दा-दाय’ अशा नुसत्या अक्षरांवर. तुम्ही ‘ना-ना’ वर गायलात तरी चालेल. गाताना श्वास कुठे तुटतो तिथे पेन्सिलीने खूण करा. बोटांच्या सोयीने घेतलेला श्वास आणि गळ्याने मागितलेला श्वास वेगवेगळ्या जागी पडतात, आणि इथे गळ्याचं ऐकायचं असतं.

दोन-तीन दिवस पुरे. लाज वाटते म्हणून हा टप्पा गाळणारे सातव्या टप्प्यावर अडकतात, एवढं सांगून पुढे जातो.

## ५. ठेका

वेगवान भागातला नाच बहुतेक वेळा दोन ठोक्यांचा असतो. त्याच्या आत आठ छोट्या मात्रा धरल्या तर वजन पुष्कळदा ३+३+२ असं पडतं. कहरव्याच्या आठ मात्रा अंगात असतात म्हणून आपण हे गृहीत धरतो आणि सगळं वजन एक आणि पाचवर टाकतो. ठेका सपाट होतो तो तिथेच.

असं करा. पाय एक आणि पाचवर. टाळी एक, चार आणि सातवर. आधी अगदी संथ, मेट्रोनोमच्या साठ ठोक्यांवर. पायाचं आणि हाताचं भांडण मिटलं की त्यावर चाल गा. मग टाळी सोडा, पाय ठेवा आणि क्लॅरिनेट घ्या. चार आणि सातवरचं वजन आता जिभेने येईल. सूर मोठा करायचा नाही, फक्त थोडा टोकदार करायचा.

संथ नाच तीन मात्रांचा असेल तर तो बहुधा होरा. त्यात पहिली आणि तिसरी मात्रा वाजते आणि दुसरी रिकामी राहते. चालणारा माणूस एका पायाने जरा लंगडावा, तशी चाल असते ती. त्याचा वॉल्ट्झ करू नका, दादराही करू नका.

तपासा: रेकॉर्डर लावून वेगवान भागाच्या सोळा ओळी मेट्रोनोमशिवाय वाजवा. सुरुवातीची आणि शेवटची ओळ मेट्रोनोमवर ताडून पाहा. वेग वाढला असेल तर अजून ठेका अंगात नाही. घाई आणि जोश यांत गल्लत होते ती इथे.

## ६. बोटं

कोरडं काम आहे, पण हुंदक्याआधी हे झालंच पाहिजे.

ई वरच्या फ्रेगिशची सगळ्यात खालची तीन पावलं, ई, एफ, जी शार्प, तिन्ही करंगळ्यांवर येतात. जी शार्पची कळ नेहमीच्या वाद्यावर उजव्या करंगळीलाच असते. म्हणून एफ डाव्या करंगळीने घ्यायचा, आणि त्यामुळे ई उजवीने. उजवी, डावी, उजवी. उलट क्रमाने वाजवलंत तर एकच करंगळी एका कळेवरून दुसरीवर घसरत जाईल आणि मधे भोक पडेल. वरच्या सप्तकात बी, सी, डी शार्पला हाच नियम. पानावर प्रत्येक ठिकाणी ‘उ’ आणि ‘डा’ लिहून ठेवा.

मी शेबेराखमधला तीव्र मध्यम, म्हणजे ए शार्प, नेमका दोन सप्तकांच्या सांध्यावर पडतो. क्लॅरिनेटचा हा सगळ्यात दुबळा सूर, आणि चालीतला सगळ्यात बोलका. तो वाजवताना उजव्या हाताची दोन-तीन बोटं भोकांवर ठेवून पाहा. कुठली बोटं ठेवल्यावर सूर भरतो ते प्रत्येक वाद्यागणिक वेगळं असतं. एक संध्याकाळ यासाठी द्या, जुळणी सापडली की लिहून ठेवा.

## ७. हरकती

इथवर पोचायला निदान चार आठवडे गेले असले पाहिजेत. रचना साध्या सुरांत, एकही हरकत न घालता, सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजवून रेकॉर्ड करा आणि ऐका. कंटाळवाणी वाटते? तर मागे जा. साधी चाल नुसती वाजवून उभी राहत नसेल, तर हरकतीने ती उभी राहणार नाही.

आता त्या दोन पेन्सिली. रचनाकाराने लिहिलेल्या सगळ्या हरकतींभोवती एका रंगाने गोल करा. तुम्ही स्वतः घालणार असाल त्या दुसऱ्या रंगाने. पहिल्या महिन्यात दुसरा रंग वापरायचाच नाही. कोवाच यांनी पुष्कळ लिहून ठेवलं आहे, आणि त्यावर आपली भर घालणं म्हणजे भरजरी पैठणीवर पुन्हा टिकल्या लावणं.

क्रेख्ट्स. यिद्दिशमध्ये, म्हणजे पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या भाषेत, शब्दाचा अर्थ कण्हणं. ऐकायला तो हुंदक्यासारखा असतो. खूप रडून झाल्यावर लहान मूल बोलायला जातं आणि शब्दाच्या शेवटी श्वास अडकतो, तसा. कागदावर तो बहुधा पुढच्या सुराच्या आधी छापलेल्या लहान सुराने दाखवतात. इथेच घोळ होतो. आपण शिकलेलो असतो की लहान सूर पुढच्या सुराला टेकतो, म्हणून तो ठोक्यावर वाजवतो. क्रेख्ट्स मागच्या सुराचा असतो, त्याचा शेवट असतो. वजन पडतं मुख्य सुरावर, आणि तो संपता संपता वरचा सूर चमकून विझतो.

शिकायची रीत:

वाद्याशिवाय ‘आ’ म्हणा आणि घसा आतून बंद करून तो तोडा: ‘आ–अक्’. ‘क’ ऐकू आला नाही तरी चालेल, श्वास मात्र खटकन थांबला पाहिजे. दहादा करा. आता क्लॅरिनेटवर वरच्या सप्तकातला ए धरा, दोन ठोके लांब. शेवटी तसाच घसा बंद करा. सूर तुटेल. अजून वरचा लहान सूर घालायचा नाही. हे सफाईने जमलं की घसा बंद होण्याच्या क्षणी बोट झटकन उचला. वरच्या सुराची उंची ऐकणाऱ्याला नीट कळता कामा नये. कळली, तर तो तुम्ही वाजवलात. तो निसटायला हवा.

सावध: खटक्याची सवय असलेले हात इथे फसतात. खटका सुराला धक्का देऊन उभा करतो, क्रेख्ट्स सुराचा शेवट मोडतो. सलग चार सुरांवर क्रेख्ट्स घेतला की ती उचकी वाटते. एका ओळीत एक, फार तर दोन.

ड्रेडल. सुराभोवती घेतलेली गिरकी. मुरकी येते त्याला हा जवळजवळ फुकट मिळतो. फक्त वेग एकसारखा ठेवा आणि गिरकीनंतर मुख्य सुरावर थांबा, वाहत जाऊ नका.

ट्रिल. परीक्षांच्या तयारीत वरच्या सुरापासून ट्रिल सुरू करायला शिकवतात. क्लेझमरमध्ये मुख्य सुरापासून सुरू करा, आखूड ठेवा, आणि सूर संपायच्या जरा आधीच थांबवा, म्हणजे शेवटचा साधा सूर कानावर पडेल.

सरकता सूर. सगळ्यांना हाच आधी हवा असतो, म्हणून मी तो मुद्दाम शेवटी ठेवतो. सुरुवात वरच्या सप्तकातल्या जी वरून सी पर्यंत करा, कारण तिथे फक्त डाव्या हाताची तीन बोटं सुटतात: आधी अनामिका, मग मधलं, मग तर्जनी. बोटं उचलायची नाहीत. भोकाच्या कडेवरून तळहाताच्या दिशेने हळूहळू सरकवायची, आधीचं बोट पूर्ण सुटण्याआधी पुढचं सरकायला लागलं पाहिजे. त्याच वेळी तोंडाच्या आत जीभ ‘ई’ म्हणतानाच्या जागेवरून ‘ओ’ म्हणतानाच्या जागेवर खाली न्या आणि सी जवळ आला की परत वर आणा. जबडा हलवायचा नाही, रीडवरची ओठांची पकड तशीच राहू द्या.

पहिले दोन आठवडे पायऱ्या ऐकू येतील, तसंच होतं. आरशासमोर बसा आणि बोटं पाहा. दर वेळी कुठलं तरी एक बोट उडी मारत असतं, आणि ते शोधून काढलं की काम अर्धं होतं. माझ्याकडे एक मुलगा यायचा, त्याचे वडील लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. त्याला हे पहिल्याच दिवशी आलं, कारण त्याने बोटं सरकवतानाच वडिलांना पाहिलं होतं. पण त्याला पुढचे तीन महिने लागले ते सरकता सूर गाळायला. जिथे लिहिलेला नाही तिथे तो आपोआप यायचा.

सूर खाली वाकवायचा सराव वरच्या सी वर करा. जीभ ‘ई’ वरून ‘ओ’ वर नेऊन सूर अर्ध्या सुराने खाली आणा, तिथे दोन ठोके थांबा, परत वर या. तानपुऱ्यावर करा, नाहीतर किती खाली गेलो ते कळत नाही.

या सगळ्यांत जो टप्पा जमेल तो रचनेत लगेच भरू नका. एका आठवड्यात एकच प्रकार, तोही लिहिलेल्या ठिकाणीच. तो पहिला महिना उलटला की तीच ओळ दुसऱ्यांदा येते तिथे दुसरा रंग वापरायची मुभा आहे. जुने वादक पुनरावृत्तीत जागा बदलायचे. दोन्ही वेळा नक्कल वाजवली तर ओळ मेल्यासारखी वाटते.

तपासा: हरकतींसह केलेलं रेकॉर्डिंग आणि काही आठवड्यांपूर्वीचं साधं रेकॉर्डिंग लागोपाठ ऐका. चाल साध्यात जेवढी कळते तेवढीच हरकतींसह केलेल्यात कळली पाहिजे.

## ८. मोकळी सुरुवात

कोवाच यांच्या रचनेची सुरुवात ठेक्याशिवायची आहे. क्लेझमरमध्ये या धाटणीच्या वादनाला डोईना म्हणतात. आपल्याला लगेच आलाप आठवतो आणि तिथेच घसरायला होतं. आलाप एकेक सूर खुलवत राग उभा करतो आणि त्याच्यामागे एकच षड्ज गुंजत असतो. डोईनाच्या मागे मात्र साथीचे लांब धरलेले स्वरमेळ (कॉर्ड) असतात, आणि ते बदलतात. वादक एका स्वरमेळावर ठरलेल्या धाटणीचे तुकडे घेतो, उसासा टाकतो, पुढच्या मेळावर जातो. ओळीला बोलल्यासारखा वेग असतो: मध्येच घाई, मध्येच गप्प.

म्हणून आधी पियानोचा भाग वाचा. मेळ कुठे बदलतो तिथे उभी रेघ मारा. प्रत्येक दोन रेघांमधलं एक वाक्य समजा आणि त्यात कुठल्या एकाच सुरावर थांबायचं ते ठरवा. बाकीचे सूर त्या सुराकडे जाणारी वाट आहेत, तिथे रेंगाळू नका. सगळेच सूर लांबवले की सुरुवात दुप्पट वेळ चालते आणि ऐकणारा मागे टेकतो.

मोकळी लय आहे म्हणून सराव मोकळा करायचा नाही. पहिल्या आठवड्यात ही सुरुवात मेट्रोनोमवर, लिहिलेल्या मोजणीत वाजवा. छोट्या-मोठ्या सुरांचं प्रमाण रचनाकाराने विचार करून लिहिलेलं असतं, आणि ते आधी कळल्याशिवाय ताणायचं कुठे ते कळणार नाही.

## ९. पियानोबरोबर

पहिली बैठक सातव्या आठवड्यात ठेवा, त्याआधी नको.

पहिल्यांदा ही रचना साथीला घेऊन बसलो तेव्हा मी सुरुवातीचा एक सूर इतका लांबवला की पियानोवर बसलेल्या ताईंचा मेळ विरून गेला. त्यांनी पुढचा मेळ टाकला आणि मी अजून मागच्याच सुरावर होतो. दोष पूर्ण माझा, कारण कधी सुटणार याची कुठलीही खूण मी दिली नव्हती. तेव्हापासून साथीदाराच्या पानावर मी तीनच गोष्टी लिहून देतो: कुठे श्वास घेणार, कुठे वाद्य किंचित वर उचलणार, आणि कुठल्या सुरानंतर त्यांनी माझी वाट न पाहता पुढे जायचं.

पियानोवादकाला दोन गोष्टी सांगा. मोकळ्या भागात मेळ विरायला लागला तर थरथरता धरून ठेवायला हरकत नाही. क्लेझमरमध्ये ते काम काठ्यांनी वाजवायच्या तारवाद्याचं, त्सिम्बलचं असायचं. आणि नाचाच्या भागात पेडल जवळजवळ सोडून द्यायचं. डाव्या हाताचा खालचा सूर आणि उजव्याचा मेळ यांच्यात हवा खेळली पाहिजे, नाहीतर ३+३+२ चं वजन चिखलात रुततं.

शेवटचा वेग दोघांनी आकड्यांत ठरवा. मी शिकवताना नाचाची सुरुवात मिनिटाला शंभरच्या आसपासच्या ठोक्यांवर ठेवायला सांगतो आणि वेग कुठे वाढवायचा त्याच्या दोनच जागा नेमून देतो. वाढवायचं म्हणून सतत वाढवत गेलं की शेवटच्या पानावर बोटं पुरत नाहीत.

## १०. कार्यक्रमाच्या दिवशी

रीड दोन आठवड्यांपूर्वीची, ओळखीची. सभागृहात वातानुकूलन असेल तर वाद्य आधी वीस मिनिटं त्याच हवेत ठेवा, मग फुंकून गरम करा. थंड क्लॅरिनेट खाली उतरतं, आणि मोकळ्या सुरुवातीत पियानोशी जुळलेलं नसलेलं लगेच उघडं पडतं.

निवेदन करायचं असेल तर चार वाक्यांत करा, आणि एक गोष्ट नक्की सांगा. महाराष्ट्रात ज्यू म्हटलं की कोकणातले बेने इस्राएल आठवतात, आणि ‘हे त्यांचं संगीत का?’ हा प्रश्न मला जवळजवळ प्रत्येक कार्यक्रमानंतर येतो. क्लेझमर हे पूर्व युरोपातल्या, यिद्दिश बोलणाऱ्या अश्केनाझी ज्यूंच्या लग्नाकार्यांतल्या वादकांचं संगीत. बेने इस्राएलांची गाणी, त्यांची मराठी कीर्तनं हे वेगळं दालन आहे. काळी टोपी, वेशभूषा, रडवेला चेहरा असलं काही करू नका. कुणाच्या तरी प्रार्थनेतून आणि लग्नातून आलेली चाल आपण वाजवतो आहोत.

रंगमंचावर जाण्याआधी विंगेत एकदा चाल गुणगुणा, साधी, एकही हरकत न घालता. सरकता सूर तिथे तपासून पाहायचा मोह होतो. तो तिथे जमला नाही तर डोक्यात तेच घेऊन तुम्ही पुढे जाल, म्हणून पाहू नका. पियानोवरच्या साथीदाराकडे वळा, ठरवलेला श्वास घ्या, आणि पहिल्या सुराला त्याची पूर्ण लांबी द्या.